जनुकांचे दप्तर कोण उघडतो?

चैत्र लागला की आमच्या जिल्ह्याच्या रानपट्ट्यांत मोहाची फुले गळू लागतात. भल्या पहाटे बायामुले टोपल्या घेऊन ती वेचतात आणि अंगणात वाळत घालतात. या फुलांत साखर विपुल. ती पाण्यात भिजत राहिली की दोन-तीन दिवसांत फेस धरतात, आंबूस वास सुटतो. पुढे त्याचे काय करतात हे येथे जाहीरपणे सांगण्याची सोय नाही, कारण गांधीजींची ही भूमी म्हणून वर्धा जिल्ह्यात सुमारे अर्ध्या शतकापासून दारूबंदी आहे. अशा जिल्ह्यात, भर वसंतात, चार सभ्य माणसांपुढे यीस्टचे गुणगान करावयास उभे राहणे म्हणजे थोडे धाडसच. पण यीस्टचा आणि आपला संबंध भट्टीपुरता नाही, पावाच्या लादीपुरता तर नाहीच नाही. या जिल्ह्यातील कितीतरी घरांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अशा घरातले मूल हाडे-सांध्यांच्या कळांनी रात्ररात्र तळमळते. त्या मुलाच्या शरीरात या रोगावरचा उतारा जन्मापासून असतो, तो निसर्गानेच दिलेला असतो, आणि तो कुलपात बंद असतो. ही कुलुपे कशी लागतात व कशी निघतात याची पहिली समज माणसाला पुष्कळ अंशी यीस्टने दिली. म्हणून हा विषय निवडला.

यीस्ट ही एकपेशीय बुरशी. एका पेशीची रुंदी मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतकी. अनुकूल स्थितीत दीड तासात एकाच्या दोन पेशी होतात, म्हणजे सकाळी पेरलेले पीक संध्याकाळी कापता यावे अशी प्रयोगशाळेची चंगळ. जंतू याहून भराभर वाढतात हे खरे, पण जंतूंना पेशीकेंद्रक नसते. यीस्टला ते असते, आपल्यालाही असते. या एका साम्यामुळे यीस्ट हा आपला दूरचा का होईना पण भाऊबंद ठरतो. 1996 साली त्याचा सारा आनुवंशिक मजकूर वाचून पुरा झाला. केंद्रक असलेल्या सजीवांत हा मान त्यालाच प्रथम मिळाला. 16 गुणसूत्रे, सुमारे 1 कोटी 20 लाख अक्षरे आणि 6 हजारांच्या आसपास जनुके, एवढा त्याचा संसार.

आता अडचण अशी की ही 6 हजार जनुके एकाच वेळी कामाला लागली तर पेशीचे दिवाळे निघेल. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे घडवावे याची लेखी कृती. ती कृती केंद्रकाबाहेर जात नाही. तिची आरएनए नावाच्या द्रव्यात एक नक्कल निघते व ती बाहेर जाऊन तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. नक्कल काढण्याच्या या क्रियेला शास्त्रात प्रतिलेखन म्हणतात. ज्यांनी तहसील कचेरीत शेताच्या जुन्या कागदाची नक्कल मागितली असेल त्यांना यातील मर्म समजावून सांगावे लागणार नाही. कागद आहे, तो तुमचाच आहे, नक्कल करणारा कारकूनही जागेवर आहे, आणि तरीही नक्कल मिळत नाही! कागद असणे वेगळे व नक्कल मिळणे वेगळे. पेशीच्या कारभारातही हाच भेद आहे. आमच्या यकृताच्या पेशीत आणि डोळ्याच्या पेशीत दप्तर एकच, नकला मात्र निरनिराळ्या निघतात.

दप्तर उघडण्याची सर्वांत चांगली अभ्यासलेली गोष्ट निघाली दुधाच्या साखरेतून. दुग्धशर्करा ही ग्लूकोज व गॅलॅक्टोज या दोन साखरांची जोडी. दही लागताना विरजणातील जंतू ही जोडी फोडतात. त्यांपैकी काही जंतू ग्लूकोज खाऊन गॅलॅक्टोज तसेच टाकून देतात. आपल्या पावातल्या यीस्टला अखंड दुग्धशर्करा पचत नाही, पण सुटे गॅलॅक्टोज समोर आले तर ते खाता येते. मात्र त्यासाठी खास प्रथिने हवीत. ती घडवणारी तीन जनुके त्याच्या दुसऱ्या गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसली आहेत. ग्लूकोज मिळत असेल तोवर ही तिन्ही मुकी असतात. घरात पोळी तयार असताना जात्यावर कोण बसणार? ग्लूकोज संपले आणि गॅलॅक्टोज मिळाले की त्याच जनुकांच्या नकला जवळजवळ हजारपटीने निघू लागतात. हजारपट! दिव्याच्या बटणालाही याहून स्वच्छ उघडझाप साधत नाही.

हे बटण कोण दाबतो? 1960 च्या दशकात अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे डग्लस आणि हॉथॉर्न यांनी गॅलॅक्टोज न खाऊ शकणारी बिघडलेली यीस्टे जमवून, त्यांचे आपापसांत संकर करून यातील पात्रे ओळखली. मुख्य पात्रे तीन. गॅल-4 नावाचे प्रथिन जनुकाच्या अलीकडे, डीएनएवरच्या 17 अक्षरांच्या एका ठरावीक खुणेवर जाऊन बसते. ते नक्कल काढण्याची मागणी करणारे. पण त्याच्या तोंडावर गॅल-80 नावाचे दुसरे प्रथिन हात ठेवून असते. गॅल-4 जागेवर हजर, पण बोलण्याची मुभा नाही. तिसरे पात्र गॅल-3. ते गॅलॅक्टोजला स्वतःच पकडते, पकडताच त्याचा आकार बदलतो, आणि ते गॅल-80 ला मिठी घालते. तोंडावरचा हात सुटतो, गॅल-4 बोलू लागते.

गॅल-3 चे हे काम सहजासहजी कळले नाही. ते नसलेले यीस्ट गॅलॅक्टोजवर ठेवले तर उपाशी मरत नाही. काही दिवस कुढते आणि मग सावकाश खाऊ लागते. ही गोष्ट 1948 पासून ठाऊक होती व चार दशके शास्त्रज्ञांना छळत होती. पुष्कळांची समजूत अशी की गॅल-3 हे गॅलॅक्टोजपासून एखादे निरोप्या द्रव्य तयार करीत असावे आणि ते द्रव्य बटण दाबीत असावे. 1992 साली भट आणि हॉपर यांनी पेशीत गॅल-3 प्रमाणाबाहेर भरले, तेव्हा गॅलॅक्टोजचा कणही नसताना जनुके सुरू झाली. म्हणजे गॅल-3 हाच निरोप्या होता! त्याहून गमतीची गोष्ट, गॅलॅक्टोज पचवणारे गॅल-1 हे प्रथिन तसेच भरले तरी बटण दाबले गेले. ही दोन प्रथिने सख्खी भावंडे आहेत. एकाने पचवण्याचा धंदा सोडून निरोप्याचे काम पत्करले, दुसऱ्याला पूर्वीचे काम करता करता निरोपही थोडाफार पोचवता येतो. थोरला घरी नसला तर धाकटा, सावकाश का होईना, निरोप देतो, म्हणून ते यीस्ट काही दिवसांनी सावरते. यातील पी. जे. भट यांनी पुढे मुंबईच्या आयआयटीत या एका बटणाचा दीर्घकाळ अभ्यास केला व 2008 साली त्यावर सबंध ग्रंथ लिहिला. एका साखरेच्या चार-पाच जनुकांवर सबंध ग्रंथ! आमच्या मते शास्त्रातील प्रगती बहुधा अशाच हट्टी माणसांच्या हातून होते.

एवढ्यावर कथा संपली असती तर तिच्यात यीस्टपलीकडे कोणाला रस वाटला नसता. पण 1988 साली गॅल-4 हे प्रथिन सस्तन प्राण्यांच्या पेशींत घालून पाहण्यात आले. त्याच्या खुणेची 17 अक्षरे शेजारी ठेवली असता त्या परक्या घरातही ते बोलू लागले, आणि त्याचे म्हणणे तेथल्या यंत्रणेला समजले. यीस्ट आणि सस्तन प्राणी यांच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटी वर्षे लोटली असावीत. तरी दप्तराची बोली एकच राहिली. तेव्हापासून यीस्टमध्ये जे आढळेल ते माणसात शोधावे असा परिपाठ पडला.

गॅल-4 बोलते खरे, पण कोणाशी? नक्कल काढणारा कारकून म्हणजे आरएनए पॉलिमरेज. हा एक इसम नव्हे, 12 प्रथिनांची जुडी आहे. अमेरिकेत रॉजर कॉर्नबर्ग यांनी हा कारकून व त्याचे नेहमीचे मदतनीस शुद्ध स्वरूपात परीक्षानळीत एकत्र आणले. नक्कल निघाली. पण मागणी करणारे प्रथिन घातले तरी नकला वाढेनात. मागणीची कोणी दखलच घेईना! शुद्ध न केलेला यीस्टचा गाळीव अर्क थोडा मिसळला की मात्र दखल घेतली जाई. अर्थात अर्कात असे काहीतरी होते जे मागणाऱ्याचा शब्द कारकुनाच्या कानावर घालीत होते. ते काय, हे शोधण्यात कित्येक वर्षे गेली. 1990 च्या दशकाच्या प्रारंभी ते हाती लागले, आणि ते एक प्रथिन नव्हते, मोठा जथा होता. आज यीस्टमधील त्या जथ्यात 25 प्रथिने मोजली जातात. त्याला मीडिएटर, म्हणजे मध्यस्थ, असे नाव पडले. असली काही वस्तू खरोखर आहे का, अशी शंका प्रथम अनेकांनी घेतली होती. पुढे माणसाच्या पेशीतही तो मध्यस्थ सापडला, तीसच्या आसपास प्रथिनांचा. कारकुनाची घडण अणूगणिक उलगडून दाखवल्याबद्दल कॉर्नबर्ग यांना 2006 साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे वडील आर्थर यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल 1959 सालीच मिळाले होते. घराण्यात कारकुनीचा हा व्यासंग जुना!

येथे एक खुलासा केला पाहिजे. कचेरीची उपमा सोयीची आहे, पण पेशीत कोणी साहेब खुर्चीवर बसलेला नसतो. सारी प्रथिने उष्णतेने थरथरत, एकमेकांवर आदळत असतात. ज्यांचे आकार व विद्युद्‌भार जुळतात ती क्षणभर चिकटतात, इतर निसटतात. एकेकट्या प्रथिनाची पकड दुबळी असते. दहा-वीस मिळून जथा झाला की अनेक दुबळ्या पकडींची मिळून एक भक्कम पकड होते, आणि त्यांतली एक सुटली की सारे विखुरतेही लौकर. बटण पक्के लागावे व चटकन निघावे, या दोन उलट गरजा जथ्यामुळेच भागतात. प्रथिने जथ्याने का काम करतात याचे हे कारण आम्हांला सर्वांत पटते.

दप्तराची आणखी एक भानगड आहे. पेशव्यांच्या दप्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले असत. डीएनएही तसाच बांधलेला असतो. यीस्टचा डीएनए सरळ केला तर सुमारे 4 मिलिमीटर भरेल, आणि तो ज्या केंद्रकात मावतो त्याची रुंदी त्याच्या दोन हजाराव्या भागाइतकी. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांचा एक गोळा, त्याभोवती 147 अक्षरांचे पावणेदोन वेढे, मग थोडा मोकळा दोरा, पुन्हा गोळा, अशी ही बांधणी. तिचे रहस्य 1974 साली मांडले तेही कॉर्नबर्ग यांनीच. जे रुमालात घट्ट आहे त्याची नक्कल निघणे कठीण. मग रुमाल सोडणारे कोण?

1980 च्या दशकात एका प्रयोगशाळेत उसाची साखर आंबवू न शकणारी यीस्टे अभ्यासली जात होती. दुसऱ्या एका ठिकाणी यीस्टचे नर-मादीसारखे जे दोन प्रकार असतात ते आपला प्रकार कसा पालटतात, याचा शोध चालू होता. दोघांना मिळालेली जनुके शेवटी एकाच जथ्याची निघाली. हा जथा इंधन जाळून हिस्टोनचे गोळे डीएनएवरून सरकवतो, प्रसंगी उपटून काढतो. दोन्ही प्रयोगशाळांचा मान राखण्यासाठी त्याचे नाव स्वी-स्निफ असे जोडनाव झाले. माणसातही तो आहे. 1998 साली असे आढळले की लहान मुलांच्या एका अतिशय दुष्ट कर्करोगात या जथ्यातील एक प्रथिन नाहीसे झालेले असते. पुढे मोजदाद केली तेव्हा माणसाच्या दर पाच कर्करोगांत साधारण एकात या जथ्याचे कोणते ना कोणते प्रथिन बिघडलेले सापडले. साखर न खाणाऱ्या यीस्टची चौकशी करणाऱ्यांना आपण कर्करोगाच्या दारापाशी येऊन ठेपणार आहोत याची काय कल्पना असणार?

रुमाल सैल करण्याची दुसरीही रीत आहे. हिस्टोनच्या गोळ्यातून शेपट्या बाहेर आलेल्या असतात. त्यांवर अ‍ॅसिटिल नावाचा लहानसा रासायनिक तुकडा चिकटवला की डीएनएवरची पकड ढिली होते. तो काढला की पुन्हा गाठ बसते. 1996 साली कळले की गाठ ढिली करणारे एक प्रथिन यीस्टतज्ज्ञांच्या जुन्या ओळखीचेच होते, त्याचे नाव जीसीएन-5. ते सागा नावाच्या जथ्यात राहते व गॅल-4 ची हाक आली की त्या जथ्याबरोबर धावून जाते. त्याच वर्षी माणसाच्या पेशीतील गाठ आवळणारे प्रथिनही शुद्ध करण्यात आले. त्याची अक्षरे वाचून पाहिली तो काय, यीस्टमधील आरपीडी-3 या प्रथिनाचे ते जवळचे नातलग. हे आवळणारे नातलग श्रोत्यांनी लक्षात ठेवावे. ते आता आपल्याला विदर्भात भेटणार आहे.

सिकलसेलची भारतातील पहिली नोंद 1952 सालची, निलगिरीतील आदिवासींमधली. 1958 साली शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली. तीत आपल्या नागपूरकडच्या भागाचा हा रोग जगापुढे आला. गोंड, परधान, माडिया यांसारख्या जमातींत, त्याचप्रमाणे विदर्भातील दलित व इतरही काही समाजांत हे जनुक आढळते. रोगाचे मूळ एवढेसे. प्रौढ रक्तद्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, ज्या दोन प्रकारच्या साखळ्यांनी बनते त्यांतील एकीत सहाव्या जागी एक दुवा चुकीचा बसतो. प्राणवायू कमी झाला की हे द्रव्य एकमेकांना चिकटून दोऱ्या वळते, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि मग त्या कळा. आईकडून एक व बापाकडून एक अशी दोन्ही जनुके सदोष आली तरच हा रोग होतो. आईबाप दोघे नुसते वाहक असतील तर प्रत्येक मुलाच्या बाबतीत धोका चारांत एक.

पण या रोगाचे मूल जन्मतः ठणठणीत असते! 1948 साली न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी यातील इंगित ओळखले. गर्भातील मुलाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, ते वेगळ्या जनुकावरून बनते, आणि ते जनुक निर्दोष असते. जन्मानंतर सहाएक महिन्यांत त्या जनुकाच्या नकला थांबतात, प्रौढ जनुकाच्या सुरू होतात, आणि दुखणे डोके वर काढते. गर्भाचे ते जनुक जाते कोठे? कोठेच नाही. रुग्णाच्या प्रत्येक केंद्रकात ते शाबूत, एकही अक्षर न बिघडलेले, पडून असते. कागद आहे, नक्कल मिळत नाही.

ही नक्कल अडवतो कोण, याचा उलगडा 2008 साली झाला. बीसीएल-11-ए नावाचे प्रथिन त्या जनुकाच्या दारावरील एका छोट्या अक्षरखुणेवर बसते. ते गॅल-4 च्याच वळणाचे, पण उलट स्वभावाचे. गॅल-4 सैल करणाऱ्यांना बोलावते, हे आवळणाऱ्यांना बोलावते. ते न्यूर्ड नावाच्या जथ्याला हाक देते, आणि त्या जथ्यातच यीस्टच्या आरपीडी-3 चे ते नातलग बसलेले असते. त्याने अ‍ॅसिटिल काढले की रुमालाची गाठ बसते आणि दप्तर बंद होते.

एकदा कुलूप कोठे आहे हे कळल्यावर किल्ली शोधणे आले. 2023 च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत एका उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या अस्थिमज्जेतील मूळ पेशी बाहेर काढतात. तांबड्या पेशींच्या वंशात बीसीएल-11-ए ची नक्कल ज्या जागेच्या बळावर निघते ती जागा कापतात आणि पेशी परत देतात. कुलूपवालाच कामावर येत नाही, गर्भाचे हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते, आणि बहुतेक रुग्णांचे वेदनांचे झटके थांबतात. मात्र आधी कडक औषधांनी जुनी मज्जा रिकामी करावी लागते, आणि अमेरिकेत या उपचाराची किंमत एका रुग्णामागे 22 लाख डॉलर ठेवली आहे. आर्वीच्या शेतमजुराला हा आकडा ऐकवण्यातही संकोच वाटतो.

त्याच्या हाताशी आज आहे ती हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल. हेही औषध गर्भाचे हिमोग्लोबिन वाढवते. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत त्याने प्रौढ रुग्णांचे झटके 44 टक्क्यांनी कमी केले. आपल्याकडील पुष्कळ रुग्णांच्या रक्तात या हिमोग्लोबिनचा अंश मुळातच काहीसा अधिक असतो. त्यावरून येथला रोग सौम्य, असे एकेकाळी सर्रास म्हटले जाई, पण विदर्भातील मुलांचा अनुभव तसा नाही. औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, वर्षानुवर्षे घ्यावे लागते, आणि त्याआधी रोग आहे हे कळावे लागते. 2023 च्या जुलैत शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत गावोगाव रक्ततपासणी करून कार्डे देण्याचे काम घेतले आहे ते याचसाठी. ते कार्ड मुलीच्या लग्नात अडथळा म्हणून घरात दडवून ठेवण्याची रीत आम्ही पाहिली आहे. वाहक असणे हा रोग नव्हे. दोन वाहकांनी लग्नापूर्वी ते एकमेकांना सांगितले, म्हणजे पुढचा विचार उघड्या डोळ्यांनी करता येतो, इतकाच कार्डाचा अर्थ.

दरम्यान कुलपावर दुसऱ्या बाजूनेही घाव चालू आहेत. 2024 साली एका औषध कंपनीच्या संशोधकांनी असे लहान रेणू प्रसिद्ध केले की जे पेशीतील विझ नावाच्या एका प्रथिनाला पेशीच्याच मोडीत काढणाऱ्या यंत्रणेच्या हवाली करतात. विझ हेही गर्भाचे जनुक बंद ठेवणाऱ्या प्रथिनांपैकी एक. जथ्यातला एक भिडू काढून घेतला की उरलेल्यांची पकड ढिली पडते, हा यीस्टचा जुना धडाच येथे वापरला आहे. माकडांना हे औषध तोंडावाटे दिले असता त्यांच्यात गर्भाचे हिमोग्लोबिन वाढले. पेशी बाहेर काढायला नकोत, मज्जा रिकामी करायला नको, गोळी गिळायची. ती माणसांत चालली आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात परवडेल अशा दराने मिळाली, तर सेवाग्रामच्या बाह्यरुग्ण विभागातही ती लिहून देता येईल.